बिनबोल्टाचा सांधा

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दौंडला तिकीट खिडकीवर होतो. समोरच्या माणसाला पुण्याऐवजी सोलापूरचं तिकीट दिलं. तो भांडला, आणि मला बरं वाटलं... कुणीतरी माझ्यावर ओरडायला हवंच होतं.

आप्पा म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. शिरूरजवळच्या एका कारखान्यात अकरा हजार व्होल्टच्या लाइनवर लागणाऱ्या स्विचची डिझाइनं करायचे. खांबाखालचा दांडा ओढला की वरची तिन्ही पाती एकदम उघडायची आणि पुढची लाइन बंद व्हायची. एकदा वरवंडला रफिक नावाच्या लाइनमननं दांडा ओढला आणि तो खांबावर चढला. दोनच पाती उघडली होती. तिसऱ्याच्या सांध्यात दुरुस्तीच्या वेळी कुणीतरी बारीक बोल्ट घातला होता, तो तुटला. खालून ते दिसलं नाही. रफिक जागीच गेला. चौकशीत आप्पांवर ठपका नव्हता. ते म्हणाले, "कुठलाही बोल्ट बसेल असा सांधा काढला कुणी? मीच ना?"

मग रिटायर झाल्यावरही ते बिनबोल्टाचा सांधा काढत बसले. पिन पात्याच्या लोखंडी हातातच ओतलेली, बदलायची सोयच नाही. कारखान्याचं उत्तर दरवेळी तेच : मोडला तर अख्खा हात बदलावा लागेल, बोल्ट कुठंही मिळतो. "कुठंही मिळतो, हेच तर!" आप्पा कळवळायचे. एका लग्नात ते पत्रिकेच्या मागं रेघा मारत होते. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "आप्पा, नवरानवरीचा सांधा तरी बोल्टाशिवाय बसू द्या!" मांडव हसला. आप्पाही हसले, पत्रिका घडी करून खिशात ठेवली... माझ्या विनोदांची ही अशी कमाई.

आप्पा गेल्यावर पंधरा दिवसांनी रफिकची बायको रेहाना शिरूरला भेटायला आली. आक्काला म्हणाली, "दर ईदला यायचे बघा. पन आत कवा आले न्हाईत. म्हणायचे, सांधा पास झाला की शिरखुर्मा खायाला येतो." आक्काला ते मित्राकडं जातो सांगायचे.

परवाच्या ईदला मी वरवंडला रेहानाच्या दारी गेलो.

"आत या की, मामा."

मला घरचा फ्यूज घालता येत नाही. माझं काहीच पास व्हायचं नव्हतं. तरी पाय उंबऱ्याशीच थांबले...

"तुमीबी तसलेच!" रेहाना म्हणाली, आणि तिनं पुढं मांडलेली खुर्ची परत भिंतीला सरकवली.