नदी नसलेल्या बेटावरची टेकडी

गुडघा बदलल्यावर डॉक्टर म्हणाले, चालत राहा. मी ठरवलं, चालायचंच तर गोझोची टेकडी चढायची. गोझो म्हणजे माल्टाशेजारचं लहानसं बेट. नातवंडांनो, तुम्ही तिकडे सिडनीत नकाशा उघडून बघा. एक अख्खं बेट एका नजरेत बघायचं आणि ते जिथून दिसेल तिथवर स्वतःच्या पायांनी पोचायचं, एवढीच माझी इच्छा होती.

आमचं इंग्लंडातलं कॉव्हेंट्री सपाट. म्हणून तीन महिने मी कार पार्कचा जिना रोज पाच मजले चढले. तुमचे आजोबा खाली गाडीत पेपर वाचत बसायचे.

"अगं, वरून काय दिसणार? समुद्रच ना? तो हॉटेलातूनही दिसतो."

"हॉटेलातून बेट दिसत नाही," मी म्हटलं.

फेब्रुवारीत आम्ही दोघं गेलो. चढायचा दिवस नेमका महाशिवरात्रीचा आला. उपास मोडायचा प्रश्नच नव्हता. लहानपणी आम्ही उपाशीपोटीच डोंगरावरच्या शंकराला जायचो. डब्यात साबुदाण्याची खिचडी घेतली आणि पाण्याची एकच लहान बाटली. सह्याद्रीत वाटेवर कुठेतरी झरा किंवा टाकं भेटतंच, त्याच हिशेबाने निघाले.

पण गोझोत नदीच नाही. चुनखडीचा दगड पाऊस पिऊन टाकतो. पायऱ्यापायऱ्यांची शेतं हिरवीगार, मधाच्या रंगाचे दगडी बांध, पण सावलीला झाड नाही आणि ओढा कोरडा. अर्ध्यावर बाटली संपली. कोरडी खिचडी घशाखाली उतरेना.

"पुरे आता. खाली टॅक्सी मिळेल," आजोबा बांधावर बसत म्हणाले.

"तुम्ही बसा. मी पाणी मागून आणते."

वरच्या शेतात एक बाई कांदे खुरपत होती. तिने विहिरीचं पाणी भरून दिलं आणि पाव-चीज पुढे केलं. मी इंग्रजीत उपास असल्याचं सांगितलं.

"आजच? आमचे ईस्टरआधीचे उपास तर बुधवारपासून सुरू होतात. चाळीस दिवस!"

"माझा एकच दिवस आहे."

"मग सोप्पंय," ती हसली आणि दोन संत्री हातात ठेवली. वरचा दगड पाणी खाली सोडतो, मधली निळी चिकणमाती ते अडवते, म्हणून विहीर टेकडीच्या कमरेला, हेही तिनेच दाखवलं.

एक संत्रं आजोबांना दिलं. शेवटचा चढ मी दगड धरत, थांबत थांबत चढले. माथा टेबलासारखा सपाट. वारा जोरात होता, गुडघा ठणकत होता. कुणाचा हात न धरता मी जागच्या जागी सावकाश एक पूर्ण फेरी घेतली. चारही दिशांना बेट कुठे संपतं, ते दिसत होतं.