हरल्यावर नवा डाव

१९ ऑक्टोबर. चकल्या तळायला घेतल्या. पहिली तेलात विरघळली, म्हणून मी पिठात थोडी कोरडी भाजणी मळली. शेजारी स्टुलावर माझी मुलगी सायली मोबाइलवर पत्त्यांचा खेळ खेळत होती. त्यात राक्षसांशी लढायचं, वाटेत नवे पत्ते मिळवायचे, आणि मेलं की सगळे पत्ते जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ती मेली आणि चक्क हसली.

"आता कळलं गं, याला ढालीचे पत्ते लागतात," म्हणत तिने लगेच नवा डाव लावला.

मला संताप आला. इथे ही दिवसभर मरते नि उठते, आणि ड्रायव्हिंगच्या परीक्षेत एकदा नापास झाली तर गाडीला हात लावत नाही!

तसं म्हटलं, तर मान वर न करता म्हणाली, "इथे कोणी टोमणे मारत नाही, आई."

तेवढ्यात तिचे बाबा चकली उचलायला आले. "काय गं खांबपाडे, आज कुठला खांब पाडलास?" परीक्षेत तिने खांब पाडल्यापासून यांचा रोज हाच विनोद. माझा संताप तिच्यावरून उठला आणि यांच्यावर जाऊन बसला. बिघडलेल्या चकलीलासुद्धा आपण दुसरा घाणा देतो. घरात तेवढंही मिळेना, मग पोरं त्या पडद्यात शिरणार नाहीत तर काय!

२० ऑक्टोबर. सकाळी यांना घरी ठेवून मी सायलीला गाडीसकट मैदानावर नेलं आणि विटा उभ्या केल्या. वळताना तिने पहिलीच वीट पाडली नि माझ्याकडे पाहिलं. मी उतरून वीट पुन्हा उभी केली.

"हं," म्हटलं, "नवा डाव."