एका नावाची दोन कार्डं

आदिलाबादच्या बसस्टँडमागच्या गल्लीत उत्कर्षाचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. तहसीलातून निवृत्त झाल्यापासून मी सकाळचा पेपर तिथंच वाचतो, त्यामुळं हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालेलं आहे.

उत्कर्षा जवळच्या बेला गावची. तिचे वडील अमृतराव तिथं बियाण्याचं दुकान चालवायचे. दहा-बारा वर्षांची असल्यापासून ती गिऱ्हाइकांना पाकिटं वाचून दाखवायची: कोणतं वाण, उगवण किती टक्के, तपासणीची तारीख कोणती. साध्या सरकीच्या पाकिटावर एवढं सगळं लिहिलेलं असायचं. म्हणून मोठ्या कंपन्या तर खोक्यावर खरं तेच लिहीत असणार, असं ती धरून चालली. तिची चूक एवढीच.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरात चित्रांचं आणि व्हिडिओचं ओझं वाहणारा भाग. त्याची खोकी एकदा बघाच. डोळ्यांतून निळी वीज सोडणारी, हातात तलवार घेतलेली एक बाई आणि तिच्यामागं आग. आत काय आहे हे सांगायला कंपनीला बोटभर जागा सापडत नाही, या बाईला मात्र चारी बाजू मोकळ्या.

फेब्रुवारीत, लग्नसराईच्या तोंडावर, गुडीहत्नूरच्या जीवननं उत्कर्षाकडून ‘झायरॉन ७६०’ नावाचं कार्ड नेलं. तो लग्नाचे व्हिडिओ करतो. त्याच्या मित्राकडं हेच कार्ड होतं, याच दुकानातलं, आणि ते झकास चाललं होतं. आठ दिवसांनी जीवन कार्ड खोक्यासकट पिशवीत घालून परत आला. दुकानात चार माणसं बसलेली. त्यानं पिशवी काउंटरवर आपटली.

“ताई, तुमी मले फसवलं. चार मिनिटांच्या गाण्याले अर्धा दिवस लागून राह्यला. नवरीचा बाप रोज फोनवर शिव्या देते.”

उत्कर्षाचा चेहरा उतरला. पंधरा वर्षांत तिला असं कुणी बोललं नव्हतं. तिनं ते कार्ड आपल्या मशीनला लावलं, मग फळीवरचं दुसरं ७६० काढून तेही लावून पाहिलं. नाव एकच होतं. पण पहिल्याची मेमरी दुसऱ्याच्या निम्मी आणि आतली चिप भलतीच, मंद. तिनं दोन्ही खोकी शेजारी ठेवली. तीच बाई, तीच वीज, तेच नाव. मीही चष्मा लावून पाहिलं. शेवटी तळाशी, बारकोडच्या खाली, मोहरीएवढ्या अक्षरांत जीवनच्या खोक्यावर ‘डी-४’ सापडलं; फरकाची खूण एवढीच.

बत्तीस वर्षं मी पहाणीच्या, म्हणजे शेतजमिनीच्या, नोंदी लिहिल्या. दोन शेतांना एकच सर्वे नंबर दिला असता तर गावानं मला तहसीलातून ओढत नेलं असतं. इथं सुशिक्षित इंजिनियर लोकांनी ते केलं, आणि त्यांना बढत्या मिळाल्या असतील.

उत्कर्षानं कंपनीच्या नागपूरच्या साहेबाला, राघवेंद्रला, फोन लावला. स्पीकर चालू होता.

“मॅडम, नावं वाढवली की कस्टमर कन्फ्यूज होतो. म्हणून आम्ही एकच नाव ठेवलं,” तो गोड आवाजात म्हणाला.

“मंग आतली वस्तूबी एकच ठेवाची ना, साहेब.”

“ते प्रॉडक्ट टीम ठरवते. मी फक्त सेल्स बघतो.”

वस्तू काय आहे हे माहीत नसलेला माणूस ती विकायला नेमला होता.

उत्कर्षानं जीवनला फळीवरचं चांगलं कार्ड दिलं. त्याचा राग निवळला, तो निघाला. तेव्हा ती म्हणाली, “थांब. आता ग्राहक मंचात तक्रार कर. पयलं नाव माह्यं टाक, दुसरं कंपनीचं.”

“आता काऊन? मले तं भेटलं ना चांगलं.”

“तुले भेटलं. बाकीच्याइले मी काय देलं, मले तरी कुठं मालूम हाय?”

आणि ती शोधायला निघाली. वहीतून ७६० नेलेली सहा गिऱ्हाइकं काढली आणि पिशवीत स्क्रू काढायचा पेचकस घालून प्रत्येकाकडं स्वतः गेली. चौघांकडं हलकं कार्ड निघालं. उटनूरच्या एका मास्तरांना काही कळलंच नव्हतं. ते त्यावर प्रश्नपत्रिका टाइप करत होते. “चालते ना मस्त,” म्हणाले. तरी तिनं त्यांना समोर बसवून समजावलं की नाव ऐकून घेतली ती वस्तू ही नव्हे. दुकानात उरलेल्या खोक्यांवर तिनं पांढरे कागद चिकटवले, थेट त्या तलवारवाल्या बाईच्या तोंडावर. मराठीत आणि तेलुगूत मोठ्या अक्षरांत लिहिलं: मेमरी किती, कोणतं काम होईल, कोणतं होणार नाही. ते एका मिनिटात वाचून होत होतं. कंपनीला मात्र एवढं जमलं नव्हतं.

मंचाकडची तक्रारीची दरखास्त मी लिहिली. आयुष्यात शेकडो लिहिल्या, पण जिच्या विरुद्ध लिहायची तीच शेजारी बसून माझ्या चुका दुरुस्त करते, असं पहिल्यांदाच घडलं.

मंचातल्या तिसऱ्या सुनावणीला कंपनीचा वकील आला. इस्त्रीचा कोट, हातात खोकं. म्हणाला, “सगळी माहिती खोक्यावर छापलेली आहे. ग्राहकानं वाचली नाही, हा त्याचा निष्काळजीपणा.”

“कुठं आहे? दाखवा,” मंचाच्या अध्यक्ष बाई म्हणाल्या.

वकिलानं खोकं फिरवलं. पुन्हा फिरवलं. चष्मा कपाळावर चढवला, खोकं नाकाशी नेलं आणि किमतीची चिठ्ठी वाचून दाखवली. मागच्या बाकावरचे लोक हसले. शेवटी उत्कर्षानंच पुढं होऊन मोबाइलच्या कॅमेऱ्यात ती अक्षरं मोठी करून दाखवली.

फैसला लागला. कंपनीनं जीवनला भरपाई द्यावी, आणि काय आहे ते खोक्याच्या समोर स्पष्ट लिहावं. उत्कर्षालाही ताकीद मिळाली: विकण्याआधी तपासणं विक्रेत्याचंही काम होतं. मला ते लागलं. बाहेर पायऱ्यांवर मी कुरकुरलो.

“नाई काका, बरोबर हाय ते,” ती म्हणाली. “त्या पोरानं मले विचारलं होतं, मित्राकडचं हेच ना? अन् मी खोकं न उलटवता हो म्हटलं होतं.”

मी निकालाची प्रत घडी करून पिशवीत ठेवली.

दिवाळीआधी कंपनीचा नवा माल आला, दोन मोठे पुठ्ठे. उत्कर्षानं मोठ्या आशेनं पुठ्ठा कापला. समोर खरंच स्पष्ट लिहिलं होतं, सोनेरी अक्षरांत. हलक्या कार्डाचं नाव आता ‘झायरॉन ७६० प्रो’ झालं होतं.

राघवेंद्रचा फोन आलाच. “आता खूश ना, मॅडम? नावं वेगळी केली.”

“हलक्याले प्रो म्हंता तुमी?”

“पॉझिटिव्ह नाव आहे, मॅडम. मार्केटिंगनं खूप अभ्यास करून काढलंय.”

तिनं फोन ठेवला. हसली नाही, रागावलीही नाही. जिना पुसायला जावं इतक्या साधेपणानं उठली, दारावरची ‘अधिकृत विक्रेता’ ही पाटी उतरवली आणि दोन्ही पुठ्ठे पुन्हा बांधले. रिक्षात घालून आम्ही ते ट्रान्सपोर्टवाल्याकडं नेले.

तिथल्या कारकुनानं पावतीपुस्तक उघडलं. “मालाचं नाव काय लिहू, ताई?”

तिनं पुठ्ठ्याची दोरी ओढून घट्ट केली.

“कॉम्प्युटरचं सामान लिवा. कोणतं, ते त्याइलेच विचारा.”

त्यानं तसंच लिहिलं, शिक्का मारला आणि पावती फाडून दिली. परतताना ती रस्ताभर दुसऱ्या एका कंपनीचं कार्ड कसं निवडायचं याबद्दल बोलत होती. त्यांच्या खोक्यावर वाघ होता म्हणे.