टूटीकाकांची टाकी

पेट्रोल भरल्यावर टूटीकाका स्कूटर लगेच सुरू करत नसत. आधी दोन्ही हातांनी धरून तिला डावीउजवीकडे हलवत. जुन्या दोन स्ट्रोकच्या गाड्यांना पेट्रोलमध्ये टूटी म्हणजे तेल मिसळावं लागे, त्या काळची ही सवय. आताच्या स्कूटरला तेल लागत नव्हतं, तरी काका हलवतच. मागची रांग हॉर्न वाजवी. काका शांतपणे म्हणत, "घाई कशाची हाय राव? मिसळू तर द्या."

काका मूळचे पुनावळ्याचे, चिंचवडच्या कंपनीतून निवृत्त झालेले. जमीन बिल्डरला देऊन तिच्यावरच उभ्या राहिलेल्या, पवना नदीकाठच्या आमच्या 'नदीदर्शन' सोसायटीत ते राहायला आले. दर्शन व्हायचं ते जलपर्णीचं. खाली पाणी आहे हे ज्यानं त्यानं श्रद्धेनं मानायचं. अशा ठिकाणी काकांनी देहूरोडच्या भंगारवाल्याकडून होडीची जुनी मोटर आणली. होडी कुठाय विचारलं, तर म्हणत, आधी नवरदेव तयार पाहिजे, घोडी काय मिळतेच.

मोटरीची टाकी काकूंच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी असे. पंचवीस मापं पेट्रोलला एक माप तेल, आणि माप म्हणजे काकूंचं फुलपात्र. ते पुन्हा देवापाशी ठेवता येईना म्हणून काकू चिडत. दर रविवारी काका पाण्याच्या पिंपात मोटर चालवून बघत. सेक्रेटरी नाक धरून तक्रार करायला येई, पण टाकी रिकामी होईपर्यंत काका थांबत नसत. "मिसळलेलं शिळं ठिवायचं न्हाई," हा त्यांचा कायदा. ज्या पवनेत ते पोहायला शिकले, तिथं ही मोटर एकदा चालावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

संधी आली ती निवडणुकीमुळे. एका भावी नगरसेवकाला अचानक नदीची कणव आली. जलपर्णी काढणाऱ्या ठेकेदाराची होडी आली, मधला पट्टा मोकळा झाला, आणि होडीपेक्षा लांब फ्लेक्स लागला. त्यावर सगळ्यांचे फोटो होते, काकांचा सोडून. काकांना त्याचं काही नव्हतं; होडीला मोटर त्यांची लागणार होती. त्यांनी इस्त्रीचा सदरा घालून मिश्रण केलं, टाकी हलवली, दोरी ओढली. मोटर चक्क चालली. होडीत हार घालून बसलेले भावी नगरसेवक साहेब काठाकडे हात हलवू लागले आणि ऐन मध्यावर मोटर गप्प झाली. होडी वाहत जाऊन जलपर्णीत रुतली आणि हारासकट साहेबांना दोरानं ओढून आणावं लागलं.

साहेबांच्या पांढऱ्या कपड्यांवर पेट्रोल उडू नये, म्हणून काकांनी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू घट्ट आवळला होता. आत हवा जाईना, म्हणून पेट्रोल बाहेर येईना. साहेब निवडून आले. काकांनी मात्र मोटरीवर गोणपाट टाकलं. रविवारी गॅलरीत नुसते बसून राहत. मला एकदाच म्हणाले, "दुसऱ्याची कापडं जपली, अन् हिचा दम कोंडला."

त्यानंतर वर्षभरात काका गेले. अस्थी पवनेतच सोडायच्या होत्या. काकूंनी गोणपाट काढायला लावलं आणि त्याच फुलपात्रानं स्वतः तेल मोजलं. होडी मिळवली, मुलगा दोरी ओढणार, तोच त्यांनी हात धरला. "आदी झाकणाचा स्क्रू सैल कर. तुझा बाप तितंच फसला."

मोटर निळा धूर सोडत निघाली. अस्थी सोडून झाल्या आणि मुलगा होडी काठाकडे वळवू लागला. काकूंनी मान हलवली.

"फिरव अजून. मिसळलेलं शिळं ठिवायचं न्हाई."