शिंप्याचं पोटॅशियम

लॅबमध्ये तिला सगळे ‘पुन्हाबाई’ म्हणायचे. मशिनने दिलेला आकडा पटला नाही की ती म्हणणार, “पुन्हा लावू.” बावीस वर्षं रक्ताच्या नळ्यांमध्ये गेली, तरी सवय सुटली नव्हती. नवरा चिडवायचा, “घरचा गॅस तरी एकदाच बघत जा.” ती हसायची आणि जाऊन गॅस परत बघून यायची.

या धास्तीमागे एक जुनी गोष्ट होती. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका वयस्क बाईंच्या रक्तात पोटॅशियम भलतंच जास्त आलं होतं. रक्त घेताना पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर सांडतं आणि आकडा उगाच फुगतो, हे नेहमीचंच. तिने ‘नमुना खराब, उद्या परत द्यावा’ असं लिहून हात झटकले. दुसऱ्या दिवशी त्या बाई आल्याच नाहीत. चार दिवसांनी त्यांचा मुलगा फाइल न्यायला आला. आई त्याच रात्री गेली, एवढंच त्याने सांगितलं.

त्या मंगळवारी दुपारी बाराच्या सुमाराला मशिनवर आकडा आला: सात पूर्णांक दोन. पाचच्या थोडं पुढे गेलं तरी डॉक्टर भुवया उंचावतात. तिने नळी उजेडात धरली. पेशी फुटल्या असत्या तर वरचं पाणी लालसर दिसलं असतं. ते स्वच्छ पिवळं होतं. तिने नमुना पुन्हा लावला. सात पूर्णांक एक. शेजारीच मूत्रपिंडाचा आकडाही वाढलेला होता.

तिने फॉर्म काढला. फॉर्मवर लिहिलं होतं: वय चौसष्ट, धंदा शिवणकाम, तक्रार थकवा. ज्या डॉक्टरांनी तपासणी सांगितली, त्यांचा दवाखाना चारपर्यंत बंद. शिंप्याचा फोन वाजून वाजून थांबला. तिने लॅबच्या मोठ्या डॉक्टरांना घरी फोन लावला.

“चार वाजेपर्यंत थांबायचं नाही,” ते म्हणाले. “हृदय कधीही दगा देईल. त्यांना सरळ इस्पितळात पाठव. मी तिथे सांगून ठेवतो.”

“पाठवू कशी? फोनच उचलत नाहीत.”

पण तोवर तिने चपला घातल्या होत्या. पत्ता दोन चौक पलीकडचा होता. ती चालत निघाली आणि पहिल्या कोपऱ्यावरच पळायला लागली.

दुकान अरुंद होतं. दारात शिंपी मशिनवर वाकून बसला होता, फोन कापडाच्या ढिगाखाली कुठेतरी. जिवंत आहे हे बघून तिला हायसं वाटलं, पण क्षणभरच.

“लॅबमधून आले मी. काका, उठा, इस्पितळात जायचंय.”

“का? रिपोर्ट संध्याकाळी मिळणार म्हणाले होते.”

“पोटॅशियम फार वाढलंय. बरं वाटतंय का तुम्हाला?”

“मला काय धाड भरलीय! या मशिनला काहीतरी झालंय.” त्याने पायाकडे बोट दाखवलं. “सकाळपासून पायडल जड लागतंय. तीनदा तेल घातलं, तरी हलायला तयार नाही.”

तिने खाली वाकून एका बोटाने पायडल दाबलं. ते सुर्रकन फिरलं.

ती झटकन उभी राहिली. मग तिने त्याचं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ठोके मोजले. मिनिटाला बेचाळीस, मध्येच एखादा चुकलेला. तिने पुन्हा मोजायचं मनात आणलं आणि तो विचार तिथेच सोडला.

“एवढा कोट संपवतो. गिऱ्हाईक पाचला येणार आहे.”

“काका, मशीन ठणठणीत आहे. तुमच्या पायातली ताकद गेलीय, आणि हृदय हाही स्नायूच आहे.” तिने मशिनच्या चाकावर हात ठेवला. “मला हाता-पाया पडायला लावू नका.”

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, सुई कापडात टोचून ठेवली आणि उठायला गेला. गुडघे दुमडले. तिने आणि शेजारच्या चष्मेवाल्याने त्याला दोन्ही बाजूंनी धरलं, चष्मेवाल्याच्याच गाडीत घातलं. वाटभर तिची बोटं त्याच्या नाडीवर होती. प्रत्येक ठोक्यानंतर ती पुढच्याची वाट बघत होती.

इस्पितळात हृदयाचा आलेख काढला. कागदावर लाटांऐवजी उंच टोकदार सुळके उमटले होते. मग धावपळ झाली. आधी हृदयाला सांभाळायला शिरेतून कॅल्शियम, पाठोपाठ रक्तातलं पोटॅशियम पेशींत ढकलायला इन्सुलिन आणि साखर. ती बाहेरच्या बाकावर नखं कुरतडत बसली.

तासाभराने शिंप्याची बहीण धापा टाकत आली. दोघं एकत्रच राहत. डॉक्टरांनी खाण्यापिण्याची चौकशी केली, तेव्हा ती म्हणाली, “वावगं काहीच नाही हो. उलट त्याचं बीपी वाढतं म्हणून दोन महिन्यांपासून ते हलकं मीठ वापरतेय, कमी सोडियमवालं.”

“त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं,” डॉक्टर म्हणाले. “धडधाकट माणसाचं मूत्रपिंड जादाचं बाहेर टाकतं. यांचं कमजोर झालंय, आणि बीपीची गोळीही पोटॅशियम धरून ठेवणारी आहे.”

बहिणीने तोंडावर हात ठेवला. “म्हणजे मीच त्याला...”

“तुम्ही काळजीच घेत होतात,” पुन्हाबाई तिच्याजवळ सरकत म्हणाली. “पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. वाचतं कोण? आता मात्र मीठ असो की गोळी, विचारल्याशिवाय बदलायचं नाही.” बोलता बोलता तिने हात पुढे केले. बहिणीने ते आपल्या हातात घेतले, आणि कोण कोणाला धीर देतंय ते कळेना.

चारला आकडा सहाच्या खाली आला. आलेखातले सुळके बसले. पडद्याआडून शिंप्याचा आवाज आला, “त्या कोटवाल्याला कुणी फोन केला का?”

तेव्हा कुठे तिला लॅबची आठवण झाली. अकरा नमुने तसेच पडले होते. ती उठली आणि जिन्याकडे निघाली.