साकिबसाठी नऊ हात वर झाले

ओमानमधल्या इब्राच्या सुकात, म्हणजे बाजारात, जहूर मास्तरांनी शिवलेला पायघोळ दिशदाशा ज्याने कधी अंगात घातला नाही असा माणूस विरळा. दापोलीकडचं गाव सोडून मास्तर एकोणतीस वर्षांपूर्वी इथे आले, एका अर्बाबच्या, म्हणजे अरब मालकाच्या, दुकानात कापायला बसले आणि तिथेच त्यांचे केस पिकले. मुलगा साकिब अमेरिकेत शिकला, तिथल्याच एका प्रयोगशाळेत नोकरीला लागला. त्याचा विषय निघाला की मास्तरांची मशीन थांबायची.

त्या साकिबला तिथल्या पोलिसाने गोळी घालून मारलं. गाडी बंद पडली म्हणून तो रस्त्याकडेला उभा होता. खिशातून फोन काढला, एवढाच गुन्हा. जिल्ह्याच्या सरकारी वकिलाने खटला भरायला नकार दिला. पोलिसाला जिवाची भीती वाटली, म्हणे.

तेव्हा त्या शहराच्या नगर परिषदेने ठराव मांडला: इथे न्याय मिळत नाही, तर केंद्र सरकारने नागरी हक्कांच्या कायद्याखाली या पोलिसावर खटला भरावा. मास्तरांची थोरली लेक अफशीन मस्कतच्या शाळेत शिकवायची. इंग्रजी पत्रं तीच वाचून सांगे. सभेत बापाला फोनवरून बोलायला दोन मिनिटं मिळणार होती.

तिथली सकाळ म्हणजे इथली संध्याकाळ. अफशीन मुद्दाम इब्राला आली. मास्तर मराठीत बोलले आणि ती इंग्रजीत सांगू लागली. "माझा पोर कुणाशी मोठ्या आवाजात बोलला नाही कधी..." इथवर तिचं सांगून होतंय तोच वेळ संपल्याची घंटा वाजली. तरीही नऊच्या नऊ सभासदांनी हात वर केले.

"खलास, जहूर, काम झालं!" अर्बाबने मिठी मारली. "सरकारच म्हणतंय, आता कोण अडवणार?"

मास्तरांनाही तसंच वाटलं. पण चार महिने गेले, आठ गेले. केंद्राकडून दर वेळी एकच उत्तर, प्रकरण विचाराधीन आहे.

"त्यांनी ठराव केला ना?" मास्तर फोनवर लेकीवरच डाफरत.

"अब्बा, नगर परिषद नुसती मागणी करू शकते. खटला भरायचा की नाही ते केंद्र ठरवणार."

"मग नऊ जणांनी हात वर केले ते काय वारा घ्यायला?"

एका दुपारी एका जुन्या गिऱ्हाइकाने कपडे कधी मिळतील म्हणून विचारलं. "विचाराधीन आहेत!" मास्तर ओरडले. तो बिचारा बघतच राहिला. मग मास्तरच खजील झाले आणि जेवायला न जाता त्याचे दोन्ही दिशदाशे पुरे करून दिले.

चौदाव्या महिन्यात केंद्राचं पत्र आलं. पोलिसाने मुद्दाम हक्क डावलले हे सिद्ध करण्याइतका पुरावा नाही, सबब प्रकरण बंद.

"मुद्दाम?" मास्तरांनी अफशीनला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. "माझ्या हातून कापड वाकडं कापलं गेलं तर गिऱ्हाईक विचारतं का, मास्तर, मुद्दाम कापलंत का म्हणून? माझ्याकडून भरून घेतंच ना? आणि इथे माणूस गेलाय."

नगर परिषदेने दुसरा ठराव घेतला, प्रकरण पुन्हा उघडावं म्हणून. तिथल्या एका सभासद बाईंचा फोन आला. बाई मनापासून बोलत होत्या. पुन्हा दोन मिनिटं बोलाल का, त्यांनी विचारलं.

"त्यांना सांग, तुमची नियत चांगली आहे," मास्तर लेकीला म्हणाले. "पण मी नाही बोलणार. तुमच्यापुढे काय रडू? तुम्ही तर माझ्याच बाजूचे. जो ऐकत नाही त्याचा पत्ता द्या."

बाईंनी पत्ता दिला. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी अफशीन इब्राला येते आणि मास्तर सांगतील तसं केंद्राच्या न्याय खात्याला पत्र लिहिते. आजवर अकरा गेली. पोच आली ती दोनांची.

परवा ती थकून म्हणाली, "अब्बा, काही होणार नाही हो यातनं."

"ठाऊक आहे मला," मास्तर म्हणाले. "तू तारीख घाल."