आवाज बंद ठेवणाऱ्या काकू

काकू फोनवरचा कोणताही व्हिडिओ आवाज बंद करून बघत. लग्नाचा असो, कीर्तनाचा असो, नाहीतर नातवाच्या गाण्याचा. आधी आवाज पूर्ण खाली, मग फोन हातभर लांब, आणि मग चित्र. त्यांचा मुलगा मिलिंद चिडायचा, "आई, अगं गाणं म्हणतोय तो!" काकू म्हणत, "गाणं मागनं ऐकीन. आदी बघू तर दे."

मिलिंद माझा कंपनीतला मित्र. परदेशातल्या डीमन शहरात त्याच्या फ्लॅटमध्ये मी एका खोलीत भाड्याने राहत होतो. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. परक्या देशात रोज कुणीतरी "चल, ताट वाढलंय" म्हणून हाक मारतं, याचं मला फार अप्रूप होतं. ती हाक काकूंची. सातारा जिल्ह्यातल्या आपल्या गावाहून त्या थंडीत मुलाकडे आल्या, आणि परतीचं तिकीट हातात असताना करोनामुळे विमानं बंद झाली. गावी त्यांचे यजमान अण्णा, निवृत्त हवालदार, धाकट्या भावाच्या कुटुंबाबरोबर होते.

आम्ही दोघं दिवसभर लॅपटॉपपुढे. काकू खिडकीत. खालून ट्राम वेळेवर जायची, आत चिटपाखरू नसायचं. "रिकामी का हुईना, जाती तर हाय," त्या म्हणत. "तुमच्या देशात दाराला कुलूप न्हाई, अन् भाईर पडून जायाला जागा न्हाई." रोज सकाळी त्या मिलिंदला एकच विचारत, "सुटलं का रं इमान?" त्याने मान हलवली की पदर खोचून स्वयंपाकाला लागत.

आवाज बंद करण्याचं कारण त्यांनी मला एकदा मेथी निवडता निवडता सांगितलं. त्यांच्या माहेरच्या गावी घरटी एक माणूस फौजेत, त्यांच्या घरचे वडील. पासष्टच्या लढाईच्या दिवसांत गावात जीपमधून कॅमेरावाले आले. सीमेवरच्या जवानांना दाखवायला न्यूजरील काढायची होती, त्यात त्यांची घरंदारं. काकू तेव्हा पाटी-दप्तरवाली पोर. "समद्यांनी हसायचं, आसं त्या सायबानं सांगितलं. आमची आजी वारून आठ दिस झालं न्हवतं. पर लढाई सरंपत्तूर बापाला कळवायचं न्हाई, आसं थोरल्यांनी ठरिवलं हुतं. आई नवं लुगडं नेसून हसली. मी बी हसले."

ती रीळ तिकडे तंबूत पांढऱ्या चादरीवर लावली, तेव्हा नेमका भोंगा बिघडला. घरी सर्व कुशल आहे, असं सांगणारा आवाज कुणाला ऐकूच आला नाही. काकूंच्या वडिलांनी नुसतं चित्र बघितलं. गोठा दिसला, बायको दिसली, पोर दिसली. त्यांची म्हातारी आई दिसेना. "कुठं कडंला आसंल म्हणून त्यानं तीनदा लावाया लावली. आवाज आसता तर इस्वास ठिवला आसता बग." काकूंनी मेथीची दुसरी जुडी सोडली.

मग माझ्याकडे वळल्या. "तू घरी फोन करतोस तवा खिडकीत बसतोस. ट्राम दावतोस. लेका, तुझी आई ट्राम बगत नसती, तुझं मनगट बगती. खा नीट."

मे महिन्यात गावाहून दिराने व्हिडिओ पाठवला. काकूंनी सवयीने आवाज घालवला. तुळस, म्हैस, ओसरी, खुर्चीत इस्त्रीच्या शर्टात अण्णा. त्यांचे ओठ हलत होते. मिलिंद पटकन म्हणाला, "बघ, ठणठणीत आहेत म्हणतायत."

काकूंनी तो पुन्हा लावला. आणि पुन्हा. मग फोन पालथा ठेवला.

"मिल्या, कट्ट्यावर बूट न्हाईत."

निवृत्त झाल्यावरही अण्णा रोज पहाटे बुटांना पॉलिश करून ओसरीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवत. लग्नापासून त्यात खंड नव्हता. "बूट न्हाईत म्हंजी मालक उठलं न्हाईत. त्यास्नी कुणी आणून बसिवलंय. काय झालंय त्ये सांग."

मिलिंद रडकुंडीला आला. अण्णांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता, उजवा हात गेला होता. "तुला सांगून काय करणार होतो आई? विमानं बंद आहेत. तू इथून काय केलं असतंस?"

"रडले आसते," काकू म्हणाल्या. "तेवढं तर माझ्या हाती हुतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाल्कनीत बोलावलं. मिलिंदचे ऑफिसचे बूट लॉकडाऊनपासून कपाटात पडून होते. ते त्यांनी घासूनपुसून चमकवले आणि कठड्यापाशी उन्हात ठेवले. शेजारी आपली भरलेली बॅग ठेवली, आणि तिच्याजवळ स्वतः बसल्या. "काढ आता व्हिडिओ. मी हसायची न्हाई, बोलायची बी न्हाई." मी काढला. गावी अण्णांनी तो तीनदा बघितला, असं दिराने कळवलं.

जूनमध्ये एका खास विमानात काकूंना जागा मिळाली. निघताना त्यांनी माझं मनगट चिमटीत धरून बघितलं, आणि डब्यातले उरलेले लाडू माझ्या हातात दिले. मी वाकून पायाला हात लावला. त्यानंतर त्यांची माझी भेट नाही. आता मी आईला फोन करतो तो खिडकीत बसून नाही, जेवायच्या टेबलावर ताट घेऊन.

मुंबईतल्या हॉटेलात दिवस काढून काकू गावी पोचल्या, तर गावाने त्यांना शाळेत विलगीकरणात ठेवलं. शाळेसमोर पटांगण, पटांगणापलीकडे त्यांचंच घर. दिराने तिथला व्हिडिओ मिलिंदला पाठवला. मी आवाज बंद करून बघितला. शाळेच्या खिडकीत गजाला धरून काकू उभ्या. पलीकडे ओसरीवर, खुर्चीत अण्णा. दोघं नुसते एकमेकांकडे बघतायत.

अण्णांच्या शेजारी कट्ट्यावर बूट होते. एक, डाव्या हाताने जमेल तसं पॉलिश केलेला, लखलखत होता, दुसरा अजून धुळीने भरलेला.

मिलिंदने घाबरून फोन लावला. "आई, अण्णा थकलेत का गं? एकच बूट झालाय."

"थकल्यात कशाचं!" काकू म्हणाल्या. "दुसरा माझ्यासाठनं ठिवलाय त्यांनी."